पिंगळ्याचा फोटो काढायचाय? आधी त्याचे डोळे वाचायला शिका

गोव्यातल्या फोंड्याचं एक कुटुंब नाताळच्या सुट्टीत बोंडला अभयारण्य आणि तांबडी सुर्ला असा दोन दिवसांचा बेत करतंय. सोबत नऊ आणि तेरा वर्षांची मुलं, शिवाय सासूबाई. थोरल्या मुलीला लहान घुबडांचे फोटो काढायचे आहेत. घरात लांब झूमचा, लेन्स न बदलता येणारा कॅमेरा आहे. रात्री टॉर्च आणि फ्लॅश घेऊन जावं का, मोबाईलवर आवाज लावला की घुबड जवळ येतं हे खरं का आणि नवी लेन्स घ्यावी का, असे त्यांचे तीन प्रश्न आहेत.

रात्रीचा बेत सोडून द्या, हे पहिल्यांदा सांगते. अभयारण्यात सूर्यास्तानंतर परवानगीशिवाय थांबता येत नाही हे एक कारण आहेच. पण ती अडचण नसती तरी मी हेच सांगितलं असतं, कारण तुम्हाला हवं ते काम दिवसा जास्त चांगलं होतं. गोव्यात सहज दिसू शकणाऱ्या लहान घुबडांपैकी दोन, ठिपकेदार पिंगळा आणि जंगली पिंगळा, उजेडातही उघड्यावर बसतात. सकाळी ऊन कोवळं असताना पहिले दोन तास आणि संध्याकाळी सूर्य कलल्यावरचा तास, एवढ्यात मुलांनाही पक्षी नीट दिसतो आणि कॅमेऱ्यालाही पुरेसा प्रकाश मिळतो. डिसेंबरात आपल्याकडे सातच्या सुमारास उजाडतं आणि सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, म्हणजे मुलांच्या जेवणाच्या वेळाही मोडत नाहीत.

दुसरी गोष्ट, सुरुवात बोंडल्यापासून करू नका. सुट्टी लागायच्या आठवडाभर आधी घराजवळचा पिंगळा शोधा. ठिपकेदार पिंगळा जेमतेम २१ सेंटीमीटरचा, साळुंकीपेक्षाही थोडा लहान, आणि तो दाट जंगलात राहत नाही. त्याला माणसांची वस्ती आवडते. जुने आंबे, वड-पिंपळ, कौलारू घरांच्या वळचणी, पडक्या भिंतींतली भोकं, देवळाच्या आवारातली म्हातारी झाडं ही त्याची घरं. फोंडा तालुक्यात असं झाड नाही असा वाडा विरळा. जोडी एकाच ढोलीला महिनोन् महिने धरून राहते, त्यामुळे एकदा झाड सापडलं की रोज जाता येतं. झाड शोधायला सासूबाईंना सोबत घ्या. गावात वाढलेल्या बायकांना कुठल्या झाडावर तिन्हीसांजेला पिंगळा ओरडतो हे पक्कं ठाऊक असतं. तो आवाज अशुभ मानायची सवय त्या पिढीला असेल, पण त्याच आजीने नातीला झाड दाखवलं की घरातलं वातावरण कसं बदलतं ते मी अनेक घरांत पाहिलंय.

झाडाखाली मुलांना करायला एक उत्तम काम आहे. बुंध्यावर आणि पानांवर चुन्यासारखे पांढरे ओघळ दिसले की वर मान करायची. खाली करड्या, बोटाच्या पेरापेक्षा लहान गोळ्या सापडतात. पिंगळा भक्ष्यातला न पचलेला भाग तोंडावाटे टाकतो, त्या या गोळ्या. काडीने उकलल्या की भुंग्यांच्या पंखांची चकचकीत कवचं, क्वचित उंदराचं हाड निघतं. हाताने नको, काडीनेच, आणि नंतर साबणाने हात धुवायचे. नऊ वर्षांच्या मुलाला फोटोपेक्षा यात जास्त रस वाटेल आणि थोरलीला शांतपणे कॅमेरा सांभाळता येईल.

आता मुख्य मुद्दा. पक्ष्यापासून किती अंतर ठेवायचं हे मला सारखं विचारतात आणि मी मीटरमध्ये उत्तर देत नाही. देवळाच्या आवारातला पिंगळा माणसं खालून जाताना ढुंकूनही बघत नाही. तोच पक्षी शेताच्या कडेला असेल तर पन्नास पावलांवरून उडतो. अंतर त्याच्या डोळ्यांवरून ठरवायचं. दिवसा आरामात असलेल्या पिंगळ्याचे डोळे अर्धे मिटलेले असतात, अंग गोल फुगलेलं असतं, मधूनच तो पंख साफ करतो, जोडीतला एक दुसऱ्याची मान खाजवतो. तुम्ही जवळ येऊ लागलात की दोन्ही डोळे गोल उघडतात आणि तुमच्यावर खिळतात. इथे थांबायचं. त्यानंतर तो डोकं वरखाली करू लागतो. लोकांना ते मजेशीर वाटतं, मुलं हसतात, फोटोही भरपूर निघतात, पण तुम्ही नेमके किती लांब आहात याचा तो अंदाज घेत असतो. पुढची पायरी म्हणजे अंग ताठ करून, पिसं अंगाशी घट्ट आवळून बसणं, आणि तिच्यापुढे उडणं. डोकं हलू लागलं की दोन-तीन पावलं मागे या, खाली बसा, नजर दुसरीकडे वळवा. पाच-दहा मिनिटांत डोळे परत अर्धे मिटले तर तुम्ही योग्य अंतरावर आहात. फोटो तिथूनच काढायचे.

दिवसा उडालेलं घुबड म्हणजे नुसता हुकलेला फोटो नसतो. ते झाडातून बाहेर पडलं की कावळे, कोतवाल, टकाचोर त्याच्यावर तुटून पडतात, आणि ते लपायला जागा शोधत या झाडावरून त्या झाडावर फिरतं. एकदा उडालं तर त्या दिवसापुरतं ते झाड सोडा. मुलांना हा नियम निघायच्या आधीच सांगा, तिथे गेल्यावर नव्हे.

या डोळ्यांच्या नियमाला एक मोठा अपवाद आहे आणि तो माहीत नसल्यामुळे चांगले चांगले लोक फसतात. पक्षीनिरीक्षक ज्यांना स्कॉप्स म्हणतात, ती डोक्यावर शिंगांसारखी पिसं असलेली लहान घुबडं, त्यांचं वागणं नेमकं उलट. शिंगळा घुबड दिवसा खोडाला चिकटून बसतं. धोका जाणवला की ते अंग लांबट, बारीक करतं, शिंगं ताठ उभी करतं आणि डोळे फटीएवढे मिटतं, म्हणजे वाळक्या फांदीचा तुकडाच. पाहणाऱ्याला वाटतं, झोपलंय, अजून जरा पुढे जाऊ. प्रत्यक्षात ते घाबरून निश्चल झालेलं असतं आणि तुमच्या प्रत्येक पावलाकडे त्या फटीतून बघत असतं. निवांत शिंगळा गोलमटोल दिसतो आणि त्याची शिंगं पडलेली असतात. तेव्हा तुमच्या फोटोत घुबड काठीसारखं सरळ, शिंगं उभी, डोळे बारीक असं आलं असेल, तर ते नैसर्गिक झोपेचं चित्र नाही. अशा वेळी एखाद-दोन फोटो घेऊन सगळ्यांनी निघायचं. आपल्याकडे यांच्या दोन जाती आहेत. काळपट तपकिरी डोळ्यांचा शिंगळा सगळीकडे आहे. रात्री ठरावीक अंतराने एकच मऊ ‘व्हट्’ करतो आणि पावसाळी रात्री तो आवाज बेडकाचाच वाटतो. दुसरा त्याहून लहान, पिवळ्या डोळ्यांचा, घाटाकडच्या जंगलातला. त्याची तीन सुरांची लय एका ठेक्यात चालते. दिवसा हे दोघेही स्थानिक वाटाड्याशिवाय सापडणं कठीण, त्यामुळे त्यांच्यामागे सुट्टी घालवू नका.

बोंडल्याला आणि तांबडी सुर्ल्याला तुमची भेट व्हायची ती जंगली पिंगळ्याशी. साधारण २० सेंटीमीटरचा, अंगभर बारीक आडव्या रेघा, आणि पश्चिम घाटातल्या पक्ष्यांचं डोकं बरंच तांबूस. ठिपकेदार पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्यावर पट्टे. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. कधी कधी लोक गोव्यात रानपिंगळा पाहिल्याचं सांगतात. रानपिंगळा हा वेगळा आणि अतिशय दुर्मीळ पक्षी. १८८४ नंतर ११३ वर्षं तो कुणाला सापडला नव्हता. १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आजच्या नंदुरबार जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. गोव्यात दिसतो तो जंगली पिंगळाच, आणि तो बघायला मिळणं काही कमी भाग्याचं नाही.

जंगली पिंगळा आधी कानांना सापडतो. ढगाळ सकाळी, कधी भर दुपारीही, एकामागून एक वेग घेत जाणारी त्याची घूघू ऐकू येते आणि शेवटी ती विरत जाते. दुसरी खूण लहान पक्ष्यांचा गोंगाट. बुलबुल, शिंजीर, पर्णपक्षी एकाच झाडापाशी जमून ओरडत असतील, तर मध्यभागी बहुतेक वेळा पिंगळा असतो, नाहीतर साप. गोव्याचा राज्यपक्षी, लाल गळ्याचा पिवळा बुलबुल, तांबडी सुर्ल्याच्या बाजूला याच निमित्ताने नीट बघायला मिळू शकतो. अशा वेळी धावत झाडाखाली जायचं नाही. जिथे आहात तिथेच थांबून दुर्बिणीने फांद्या एकेक करून तपासा. गोंगाट ओसरला की पिंगळा तिथेच स्वस्थ बसून राहतो आणि तेव्हाच फोटो निघतो.

इथेच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर येतं. मोबाईलवर आवाज लावला की पिंगळा येतो हे खरं आहे, आणि म्हणूनच लावू नये. तो तुम्हाला भेटायला येत नाही. आपल्या हद्दीत दुसरा नर शिरला असं समजून तो भांडायला येतो, खायचं सोडून, कधी ढोलीतल्या पिल्लांना सोडून. जंगली पिंगळ्याची शीळ घालून लहान पक्षी गोळा करायची युक्ती काही वाटाडेही करतात, कारण त्या आवाजाने ते सगळे भक्षक आला म्हणून घाबरून जमतात. तुमचा वाटाड्या तसं करू लागला तर त्याला नम्रपणे थांबवा. बहुतेक जण पाहुण्यांना खूश करायला करतात, नको म्हटलं की त्यांनाही बरंच वाटतं. त्याऐवजी आवाज घरी शिका. झेनो-कॅन्टो या संकेतस्थळावर दोन्ही पिंगळ्यांचे आवाज फुकट ऐकता येतात. रात्री जेवताना खिडक्या लावून मुलांना ऐकवा. चार दिवसांत ती तुमच्याआधी पक्षी ओळखतील.

फ्लॅशबद्दल माझं मत ठाम आहे: नको. अंधारात घुबडाची बाहुली पूर्ण उघडलेली असते आणि त्याचे डोळे खोबणीत फिरत नाहीत, त्यामुळे नजर बाजूला वळवायला त्याला अख्खी मान फिरवावी लागते. शिकारीच्या ऐन वेळी त्याला दिपवून टाकायचा हक्क आपल्याला नाही. शिवाय फोटोही वाईट येतो. डोळे लालभडक चमकतात, मागे काळा पडदा. टॉर्च चालताना पायाखाली साप-विंचू बघण्यासाठी, झाडावर मारण्यासाठी नाही.

रात्रीचा फोटो हवाच असेल तर गावातला रस्त्यावरचा दिवा तुमच्या कामी येईल. दिव्याभोवती किडे जमतात आणि पिंगळा तारेवर, कुंपणाच्या खांबावर, माडाच्या वाकलेल्या चुडतावर येऊन बसतो. तो उजेड त्याच्या सवयीचा असतो. घराच्या बाल्कांवात (दारापुढच्या ओट्यावर) बसून, कॅमेरा कठड्यावर टेकवून, दिव्याच्याच प्रकाशात फोटो घ्या. एक तांत्रिक गोष्ट: एलईडी दिव्याखाली कॅमेऱ्याचा मूक इलेक्ट्रॉनिक शटर वापरला तर फोटोवर आडवे पट्टे उमटतात. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे, त्यामुळे शटरचा वेग १/५० किंवा १/१०० सेकंद ठेवला की हा त्रास बराच कमी होतो.

दिवसाच्या फोटोसाठी तुमच्या कॅमेऱ्याबद्दल. झूम शेवटपर्यंत ताणू नका. पूर्ण झूमवर लेन्स फार थोडा प्रकाश आत घेते आणि मधल्या हवेतली धूळ, उष्णता यांनी चित्र गढूळ होतं. दोन-तृतीयांशावर थांबा. लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यात आयएसओ (प्रकाशाची संवेदनशीलता) १६०० च्या वर गेलं की पिसांचा पोत पुसला जातो, त्यामुळे आयएसओ खाली ठेवून शटर मंद करा. पिंगळा मिनिटं न् मिनिटं हलत नाही. कॅमेरा टेकवलेला असेल आणि स्थिरीकरण (थरथर कमी करणारी सोय) चालू असेल तर १/१२५ सहज पुरतं, दोन सेकंदांचा टायमर लावला तर १/६० सुद्धा. टेकवायला तिपाईच हवी असं नाही. जाड कापडी पिशवीत किलोभर तांदूळ भरा, गाडीच्या उघड्या काचेवर ठेवा, त्यावर लेन्स दाबून बसवा. गाडी बंद करायची, कारण इंजिनच्या थरथरीने सगळी मेहनत वाया जाते. गाडीतून फोटो काढण्याचा दुसरा फायदा म्हणजे पक्षी माणसाच्या आकृतीला जितका बिचकतो तितका थांबलेल्या गाडीला बिचकत नाही, आणि मुलं आतच बसलेली राहतात.

फोकससाठी सगळ्यात लहान चौकोन निवडा आणि तो जवळच्या डोळ्यावर ठेवा. मोठा चौकोन ठेवला तर कॅमेरा मधल्या पानावर फोकस करतो आणि घरी आल्यावर पान सुरेख, पिंगळा धूसर. मागे उघडं आकाश असेल तर पक्षी काळा पडतो. एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) एका टप्प्याने वाढवा. उलट ढोलीच्या काळ्या तोंडात बसला असेल तर कॅमेरा त्याला पांढराफटक करतो. अर्ध्या-पाऊण टप्प्याने कमी करा. खालून वर बघत काढलेल्या फोटोत पोट आणि हनुवटीच दिसते, म्हणून झाडाशेजारी उंचवटा, बांध, देवळाच्या पायऱ्या, कुणाच्या घराचा पहिला मजला असं काही मिळतं का बघा. पक्ष्याच्या नजरेला नजर देणारा एक फोटो खालून काढलेल्या पन्नासांपेक्षा चांगला. लांबलचक धडाधड फोटो काढण्यापेक्षा त्याने मान तुमच्याकडे वळवून थांबवली की तीन-चार घ्या, बास. एसी गाडीतून थेट बाहेर काढलेल्या लेन्सवर आपल्या दमट हवेत लगेच बाष्प धरतं, म्हणून पोहोचायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी एसी बंद करून काचा उघडा.

बोंडल्याचं क्षेत्र अवघं ८ चौरस किलोमीटर, लहान मुलांना झेपणारं. पण गुरुवारी ते बंद असतं, आणि बाहेरून सकाळी गेलात तर फाटक उघडेपर्यंत कोवळं ऊन निघून गेलेलं असतं. शक्य असेल तर आतल्या पर्यटक निवासात एक मुक्काम करा, म्हणजे पहाट तुमच्या हाती लागते. तांबडी सुर्ल्याला महादेवाच्या देवळापाशी भाविक आणि सहली यायच्या आत पोहोचा. मुलं देवळाभोवती आणि व्हाळापाशी रमतील, फोटोग्राफरला झाडं तपासायला वेळ मिळेल. सगळ्यांनी एकदम झाडाखाली जायचं नाही. दोघांनी जायचं, बाकीच्यांनी लांब थांबायचं, मग अदलाबदल. बोट वर करून ‘तो बघ!’ म्हणणं टाळा. घड्याळाच्या भाषेत सांगायची सवय लावा, मोठ्या फांदीवर दहा वाजता, असं.

एका गोष्टीकडे दुर्लक्ष करू नका. सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. हा आजार गोचिडींमुळे होतो आणि हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत त्याचा धोका जास्त. काजूच्या बागांत, पालापाचोळ्यात मुलांना बसू देऊ नका. पूर्ण बाह्या, लांब पँट, मोज्यात खोचलेली, बंद बूट आणि कीटक दूर ठेवणारं मलम. परत आल्यावर अंग नीट तपासून गरम पाण्याने आंघोळ. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वनखात्याला कळवा. पुढच्या काही दिवसांत कुणाला ताप आला तर डॉक्टरांना जंगलात गेल्याचं आवर्जून सांगा.

जानेवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत पिंगळ्यांचा विणीचा काळ असतो. मुलीला छंद लागला आणि ती घराजवळच्या झाडाकडे पुढेही जात राहिली, तर त्या महिन्यांत ढोलीसमोर उभं राहायचं नाही. ढोलीकडे येणारा पक्षी चोचीत भक्ष्य घेऊन बाजूच्या फांदीवर ताटकळत बसला, तर तुम्ही वाटेत उभे आहात असं समजा आणि लगेच निघा. फोटो इतरांना दाखवताना झाडाची जागा सांगू नका, मोबाईलमधली स्थाननोंद बंद करा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घुबडांना संरक्षण आहे, तरी जादूटोण्यासाठी, विशेषतः दिवाळीच्या अमावास्येच्या आसपास, ती आजही पकडली जातात. एकाच ढोलीत वर्षभर राहणारा पक्षी पत्ता कळला की फार सहज सापडतो.

राहिला लेन्सचा प्रश्न. आत्ता काहीही विकत घेऊ नका. आहे त्या कॅमेऱ्यात पिंगळ्याचा सुंदर फोटो निघतो, अट फक्त प्रकाशाची आणि त्याच्या निवांतपणाची. खर्च करायचाच असेल तर ८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिलिमीटर भिंगांची) एक दुर्बीण घ्या. कॅमेरा एका वेळी एकाच्या डोळ्याला लागतो; दुर्बीण धाकटा, आई-बाबा आणि सासूबाई, सगळ्यांच्या हातात फिरते. थोरली वर्षभर नेमाने जात राहिली आणि संध्याकाळच्या अंधुक प्रकाशात तुमचा कॅमेरा खरोखर कमी पडतोय असं तिच्याच फोटोंवरून दिसलं, तर लेन्स बदलता येणारा कॅमेरा आणि ४०० मिलिमीटरपर्यंत जाणारी लेन्स बघा. तोवर तिला एक वही द्या: तारीख, वेळ, झाड, पक्षी काय करत होता. पुढच्या वर्षी कुठे, किती वाजता उभं राहायचं हे तिला त्या वहीतून कळेल.